मी पुजाचा डावा बूट

मंडळी, मी खालून, पायातून बोलतोय. मी पुजाचा डावा बूट. तिला पळायला शिकवणाऱ्या रत्नपाल सरांनी हिंगोलीच्या बाजारात आम्हा दोघा भावांना निवडलं आणि आमची रवानगी साखऱ्याजवळच्या तांड्यावर झाली.

उजव्याचं नशीब थोर. मला मात्र पुजाचा डावा पाय मिळाला. लहानपणी इंजेक्शनची सुई चुकीच्या जागी टोचली गेली आणि पायातली ताकद गेली. पाऊल पुरतं उचलत नाही, म्हणून माझं टोक सतत जमिनीला घासतं. पण खरं सांगतो, मला या पायाचा अभिमान आहे. विहिरीत पोहून, सायकल हाणून तो पळायला येतो तेव्हा थरथरत असतो, तरी थांब म्हणत नाही.

फक्त मुलगी बघायला पाहुणे आले की पुजा लंगडत नसे. तिची आई रूपाबाई हिने तसं पढवून ठेवलं होतं. कंबरेतून पाय उचलायचा, अलगद टेकवायचा आणि कुणी विचारलंच तर म्हणायचं, "काईच तकलीफ न्हाई."

यंदा आम्ही पॅरा ट्रायथलॉनच्या मोठ्या शर्यतीला गेलो. पोहणं, सायकल, धावणं, सगळं एका दमात. पण आधी तपासणी! कुणाला किती अधूपण आहे ते पाहून खेळाडूंचे गट पाडतात. पुजा चुकून कमी त्रासवाल्यांच्या गटात गेली असती, तर सगळी मेहनत पाण्यात.

टेबलामागे तिघं बसलेले. "चालून दाखव," डॉक्टरबाई म्हणाल्या. झालं! पुजाला ते पाहुणेच वाटले. ती कंबरेतून पाय उचलत ऐटीत चालली.

"त्रास होतो का?"

"काईच तकलीफ न्हाई."

रत्नपाल सरांनी कपाळाला हात लावला. बुटाला मूठ नसते, नाहीतर मीही जीव मुठीत धरला असता.

तेवढ्यात दाराशी बसलेली रूपाबाई आत आली. "बाई, लेकरू खोटं बोलून राहिलं. मीच शिकवलं तिला. ह्यो बूट बघा." तिने खाली बसून माझ्या झिजलेल्या टोकावर बोट ठेवलं. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

"याडी, गप ना," पुजा आईला पुटपुटली.

"न्हाई बसत गप. हे पाव्हणे न्हाईत गं. लंगड. घरी लंगडतीस तशी लंगड."

पुजाने आईकडे पाहिलं आणि पाय सैल सोडला. असं बघायला बसलेल्यांसमोर मी पहिल्यांदाच खर्रकन फरशीवर घासलो. डॉक्टरबाईंनी तिला आडवं निजवून पायाचा जोर पुन्हा तपासला. गट बरोबर मिळाला.

आता माझ्या टोकाला भोक पडलंय. लवकरच नवा जोड येईल. माझी तक्रार नाही. ज्या पायात जोर नव्हता त्याने मला इतकं पळवलं, त्याचे उपकार कसे फेडू? नव्या बुटालाही तो असाच झिजवू दे, एवढंच मागणं.

निरोप घेण्याआधी शर्यतीचं सांगतो. पुजा चौथी आली. पदक हुकलं याचं वाईट वाटलं ते मलाच. शेवटच्या वळणावर गर्दीतल्या एका बाईने रूपाबाईला विचारलं, "यातली तुमची लेक कोणती?"

रूपाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "ती बघा! सगळ्यात जास्त लंगडून राहिली ना, ती माझी!"