सरांच्या डोक्यातलं लोखंड

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख धनराज सरांनी माझ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीची प्रिंट मलाच काढून त्यांच्यापुढे सहीला धरावी लागली. 'तंत्रज्ञ मोहिनी यांच्या निष्काळजीपणामुळे तीन नंबरचा सेन्सर निकामी झाला. त्यांना कामावरून कमी करावे.' वर मला म्हणतात, "समास नीट सोडला नाहीस."

तो सेन्सर मी तीन वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला होता. मेंदूतून निघणारं चुंबकीय क्षेत्र इतकं क्षीण असतं, की शेजारी कुणी लोखंडी खुर्ची सरकवली तरी ते बुडून जातं. म्हणून आमची ती जाड दाराची, धातूने मढवलेली खोली. जुन्या यंत्रांना महागडा हेलियम लागतो. आमच्या अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टिंग, सेन्सरला द्रव नायट्रोजनची थंडी पुरते. गुरांच्या कृत्रिम रेतनाचे डोस ज्यात ठेवतात, तोच नायट्रोजन. त्यामुळे सेन्सर टाळूच्या अगदी जवळ, मिलिमीटरभरावर आणता येतो. पण इतक्या जवळून त्याला नको ते सगळंही कळतं.

पहिली नोंद सरांना स्वतःच्याच मेंदूची हवी होती. दोन महिने ते सेन्सरखाली बसत होते आणि पडद्यावर नुसता धिंगाणा. श्वास घेतला की रेघ वर, सोडला की खाली. मेंदू असा चालत नाही. सरांचासुद्धा नाही.

कारण मला स्टाफरूममध्ये सापडलं. सर कुणाला तरी सांगत होते, "डाय नाही हं. घरची मेंदी. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली." मी त्यांच्या कंगव्यातले चार केस कागदात गुंडाळले आणि सेन्सरसमोर हलवले. रेघ ताडकन उडाली. कढईचा गंज केसांत बसला होता, आणि श्वासागणिक डोकं हललं की तोही हलत होता.

हे सांगायला गेले तर सर भडकले. "कळवणची डिप्लोमावाली माझ्या डोक्यातला दोष काढणार?" त्याच दुपारी तक्रार तयार झाली.

सोमवारी निधी देणाऱ्या संस्थेच्या प्रतिभा मॅडम तपासणीला आल्या. सर बसले, धिंगाणा झाला. बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बघा, हिने वाट लावली."

मॅडमनी तक्रार वाचली. "मोहिनी, तुमचं काय म्हणणं?"

"सेन्सर चांगला आहे. दुसरं डोकं बसवून बघा."

"मग तुम्हीच बसा."

मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना, सगळं काढून मी आत गेले. परीक्षा साधी होती. माणूस डोळे मिटून निवांत बसला की मेंदूत सेकंदाला दहाएक हेलकाव्यांची लाट उठते, डोळे उघडले की ती बसते. ती दिसली तर सेन्सर शाबूत आणि माझी नोकरीही. पण बसायचं निवांत. नुसते दात आवळले तरी स्नायूंचा कचरा नोंदीत येतो.

दार बंद झालं. स्पीकरमधून सरांचा आवाज आला. "डोळे मिट. मॅडम, बघा, कचरा. काही नाही." मग मला, अगदी लाडीगोडीने, "शांत बस गं. नोकऱ्या काय, आज आहे, उद्या नाही."

माझे दात करकरले. त्या माणसाचा मला मनापासून तिटकारा आला होता. त्याच्यामुळे माझी लाटसुद्धा उठू नये? मी श्वास मोजले, आईला आठवलं. काही उपयोग झाला नाही.

मग डोळ्यांपुढे रामकुंड आलं. घाटावर न्हाव्यासमोर सर मान खाली घालून बसलेत. वस्तरा चालतोय, तांबूस केसांचे झुपके मांडीवर पडतायत, आणि सर हूं की चूं करत नाहीत. न्हावी सावकाश, कानामागून काम करत होता. माझा जबडा सुटला. खांदे खाली आले.

"आली!" मॅडमचा आवाज. "डोळे उघडा. गेली. आता मिटा. आली, परत आली."

मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर माझी लाट होती. सरांचा हात त्यांच्या केसांवर होता. मॅडमनी तक्रारीची चार घड्यांची पुडी करून त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवली.

"इतकी स्वच्छ नोंद," त्या मला म्हणाल्या. "कसला विचार करत होतात?"

"सरांच्या टकलाचा," मी म्हणाले आणि जोडवी घालायला खाली बसले.