लाल गाडी आणि सासुरवाडीचा चढ

अमरदीपने जीप विकली तेव्हा घरात कोणाला विचारलं नाही, आणि लाल गाडी घेतली तेव्हा तर नाहीच नाही. आदिलाबादच्या एका ज्युनिअर कॉलेजात तो फिजिक्स शिकवतो. घर्षणावर तासभर न थांबता बोलणाऱ्या या माणसाला बायकोशी दोन वाक्यं बोलायला मात्र सवड झाली नाही. जीप जुनी होती, मागच्या चाकांच्या जोरावर चालायची आणि न्याल तिथे मुकाट जायची. नवी गाडी ठेंगणी, लालभडक, टर्बो इंजिनाची. तिला ओढायची पुढची चाकं, आणि मागे दोन सायलेन्सर. त्यांचा आवाज ऐकून अख्खी स्टाफरूम खिडकीशी जमली. खरं तर एवढ्यासाठीच त्याने ती घेतली होती.

"जीप मागून ढकलायची, ही पुढून ओढते," तो भेटेल त्याला सांगत सुटला. कोणी विचारलं नसलं तरी सांगायचा.

त्याच्या बायकोने, उत्कर्षाने, गाडीभोवती एक फेरी मारली. ती मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, क्लार्क आहे. आरडाओरडा करणं तिच्या स्वभावात नाही.

"जीप इकतानी मले विचारावं वाटलं नाई तुमाले?"

"सरप्राइज होतं."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी लहानग्या लेकीला, मैत्रीला, घेऊन माहेरी गेली. माहेर तलमडुगु गावाच्या पलीकडे. तिथून तिचा फोन आला. "थे तुमची गाडी माह्या बापाच्या दारात आणून दाखवा. आली तर तिच्यातच बसून येतो. नाई आली तर मी इथूनच ऑफिसात जाईन. अन् गाडी चढाखाली ठिवून पायी आलेलं चालनार नाई."

अमरदीप आधी हसला. मग घर खायला उठलं. मैत्रीची चप्पल दाराशी उलटी पडली होती, ती सरळ करायलाही त्याचा हात होईना. बायकोची इतकी आठवण येईल असं त्याला वाटलं नव्हतं, पण हे सांगणार कोणाला? स्टाफरूममध्ये तर फक्त गाडीचे गोडवे चालू होते.

रविवारी तो निघाला. गावापर्यंत डांबर होतं. पुढे देवानंद गुरुजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, घर उंचावर. तिथवर काळ्या मातीचा चढ, आणि आठवडाभर पाऊस. निम्म्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. अमरदीपने स्पोर्ट मोडचं बटण दाबलं. आवाज वाढला, चिखल उडाला, गाडी घसरत खाली आली. फुकटचा तमाशा म्हटल्यावर अर्धं गाव गोळा झालं.

गुरुजी छत्री घेऊन खाली उतरले. "जय भीम, जवाईबापू. घाबरू नका. मांगं वजन पायजे."

या गावाने आजवर प्रत्येक जीप याच युक्तीने वर चढवली होती. गुरुजींनी स्वतः उभं राहून ज्वारीची पोती डिक्कीत टाकून घेतली आणि शेजारच्या पंढरीला आणखी एका धिप्पाड गड्यासोबत मागच्या सीटवर कोंबलं. गाडीची शेपूट बसली, नाक वर झालं, आणि ओढणारी चाकं आणखीच हलकी होऊन भिरभिरली.

अमरदीपला कळत नव्हतं असं नाही. वजन पुढे हवं होतं. ही दोन माणसं बॉनेटवर बसवली असती तर काम झालं असतं. पण बॉनेटचा रंग अजून नवा होता, आणि पंढरीची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. म्हणून शहाणा माणूस गप्प बसला. वर "मामाजी म्हणतात तसंच करू," असं मोठ्या नम्रपणे म्हणाला. गाडी पुन्हा खाली.

आणखी एक उपाय होता, तोही त्याला पाठ होता. चढावर भार उताराच्या बाजूच्या चाकांवर येतो. गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवली की झालं. ही आकृती त्याने फळ्यावर कित्येकदा काढली होती. पण पहिल्यांदा नवी गाडी घेऊन सासुरवाडीला जायचं, आणि तेही पाठमोरं? गाव काय म्हणेल?

वर दारात उत्कर्षा उभी होती, मैत्री तिला बिलगलेली.

"जमत नसन तर जा परत," तिने ओरडून सांगितलं. "अंधार व्हायच्या आत पोचान."

ती चिडवत नव्हती. आपल्याला असं खाली उभं पाहून तिचाही जीव तुटतोय, आणि तरीही ती माहेरी राहील म्हणजे राहीलच, हे अमरदीपला तेव्हा कळलं.

त्याने पोती उतरवली, माणसं उतरवली आणि गाडी वळवली. शेजारच्या सीटवर हात टाकून, मान मुरगळेपर्यंत मागे वळवून, दोन्ही सायलेन्सर सासऱ्याच्या घराकडे करून तो चढ चढू लागला. गाव पोट धरून हसलं.

"जवाई पाठ दाखवून येऊन राह्यले हो!" पंढरी ओरडला. गुरुजींनी छत्री जरा खाली ओढून तोंड झाकलं. गाडी डगमगत, घसरत, पण वर आली आणि अंगणात थांबली. अमरदीप मान चोळत उतरला.

"आली," तो म्हणाला.

"आली," उत्कर्षा म्हणाली. तिची पिशवी दाराआड भरून तयारच होती. तिने मैत्रीला मागे बसवलं, पिशवी ठेवली, किल्लीसाठी हात पुढे केला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

"अगं, चिखल आहे, मी चालवतो."

"वर तुमी आणली, खाली मी नेतो. गाडीचं तोंड आपल्या घराकडंच हाय."

तो निमूटपणे शेजारी बसला. तिने इंजिन चालू केलं, पण गाडी हलवली नाही. समोर बघत म्हणाली, "निंघू का?"

"निघ की. मला काय विचारतेस?"

"विचारून घेतलेलं बरं. घरात दोघं हावो आपन."

अमरदीपने मान खाली घातली. खाली गाव अजून हसत होतं, ते त्याला आता ऐकू येत नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तिने गिअर टाकला.