उपदेशाच्या डब्यातली खुडूक

या, असे जवळ सरकून बसा. दारापाशी बसलेल्यांनो, तुम्हीही या. तिथून अर्धीच गोष्ट कानावर पडेल आणि उद्या गावभर अर्धीच सांगत फिराल. गोष्ट एका पाद्र्याची आहे, एका कोंबडीची आहे आणि एका किल्लीची आहे. हसू आलं तर खुशाल हसा. देवाच्या घरातली गोष्ट म्हणून तोंड पाडून बसायचं कारण नाही. देवाने पाहिली तेव्हा तोही हसलाच असेल.

किल्ली होती आत्याकडे. ती नेमकी कुणाची आत्या हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणे. वीतभर लांबीची लोखंडी किल्ली, कमरेला दोरीने बांधलेली. चर्च उघडायचं आत्याने, झाडायचं आत्याने, घंटा वाजवायची आत्याने. तीस वर्षं ही किल्ली तिच्या कमरेवर आपटत होती. नवरा गेला, लेक लांब गेली, किल्ली मात्र जागची हलली नाही.

आत्याचा एक नेम होता. देवाच्या घरात खोटं बोलायचं नाही. पण माणूस म्हटलं की खोटं बोलल्याशिवाय संसार होत नाही. मग ती काय करी? चर्चच्या दारापुढे तीन पायऱ्या होत्या. खोटं बोलायची वेळ आली की आत्या तिन्ही पायऱ्या उतरे, खाली मातीत उभी राही, काय थाप मारायची ती मारी आणि पाय पुसून पुन्हा वर येई. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. आत्या पायऱ्या उतरायला लागली की लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत.

थोरले पाद्री जाऊन दोन वर्षं झाली होती. ते उपदेश गाऊन करायचे. बोलता बोलता सूर धरायचे आणि मग काय विचारता! रडणारं पोर गप्प व्हायचं आणि गप्प बसलेला म्हातारा रडायला लागायचा. ते गेले, त्यांना मागच्या आवारात पुरलं, आणि उपदेशाचं व्यासपीठ रिकामं पडलं. ते व्यासपीठ म्हणजे छातीइतक्या उंचीचा, पाच पायऱ्या चढून आत शिरायचा लाकडी खोका. गाव त्याला ‘डबा’ म्हणे. दोन वर्षं डब्यात कुणी चढलं नाही. आत्या मात्र सकाळ-संध्याकाळ झाडू मारता मारता थोरल्यांचे उपदेश गात राहिली, जसेच्या तसे, त्यांच्या खोकल्यासकट.

त्या वर्षी कोल्ह्याने आत्याचं खुराडं धुऊन नेलं. एका रात्रीत अकरा कोंबड्या गेल्या. उरली एकटी ठिपकी, तीही झाडावर बसली होती म्हणून. पुढे ठिपकी खुडूक झाली, अंड्यांवर बसायला जागा शोधत फिरायला लागली. आत्याने विचार केला, की गावात दणकट कुलूप असलेलं दार एकच. तिने डब्याच्या तळाला, एका कोपऱ्यात पेंढा अंथरला, तेरा अंडी मांडली आणि ठिपकीला वर बसवली. नवा पाद्री पुढच्या महिन्यात यायचा होता. तोवर पिलं अंगणात पळतील असा तिचा हिशेब.

पण गुरुवारी सकाळी गिरणीवाला आला. हा पंचमंडळाचा मुख्य. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळे रागावला तरी म्हातारा बाहुला रागावल्यासारखा दिसे.

“आत्या, पत्र आलंय. पाद्रीसाहेब शनिवारी येतायत. रविवारी पहिला उपदेश.”

आत्याच्या हातातला झाडू थांबला. “कुठला शनिवार?”

“शनिवार काय दुकानात निवडून मिळतात? परवाचा!” गिरणीवाल्याने बाकावरून बोट फिरवलं, धूळ पाहिली. त्याच्याच बोटाचं पीठ होतं ते, पण त्याला कोण सांगणार. “दोन वर्षं ढिलाई खपली. आता नवा माणूस येतोय, शिकलेला. एक काडी इकडची तिकडे दिसली तर किल्ली माझ्या मेहुणीकडे जाईल. ती कधीची टपूनच बसलीय.”

“तुझी मेहुणी घंटा वाजवणार? तिला दुपारपर्यंत जाग तरी येते का?”

“ते आम्ही बघू. तू काडी बघ.”

तेवढ्यात डब्यातून आवाज आला, “खुर्रर्र.”

“हे काय?” गिरणीवाला दचकला.

आत्याने काय करावं? तिने त्याचा हात धरला, दाराबाहेर नेलं, तिन्ही पायऱ्या उतरली आणि म्हणाली, “माझं पोट बिघडलंय.”

तो गेल्यावर आत्याने बोटांवर मोजलं. आज अठरावा दिवस. कोंबडी एकवीस दिवस बसते. एकविसावा म्हणजे नेमका रविवार.

शेजारची शिंपीण धावत आली. “अगं, उचल आणि घरी ने की! त्यात काय एवढं?”

“अठराव्या दिवशी हलवलेली खुडूक परत बसत नाही, बाई. अंडी गार पडली की संपलं. आत जीव झालेत. काल कानाला लावून ऐकलं मी.”

“आणि किल्ली गेली तर?”

आत्याने कमरेची दोरी चाचपली. मग म्हणाली, “तुझ्याकडे जुना पडदा आहे ना? वरून टाकू.”

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आत्या.”

“हे कोंबडं नाही, कोंबडी आहे. हिला आरवता येत नाही. आण पडदा.”

शनिवारी स्वागताला सगळं गाव वेशीवर उभं राहिलं. गिरणीवाला धुतलेल्या भुवया घेऊन पुढे. गाडी आली, गाडीतून एक जाडजूड, हसरा माणूस उतरला, लोकांनी हार त्याच्या गळ्यात घातले, गिरणीवाल्याने भाषण ठोकलं. भाषण संपल्यावर तो माणूस म्हणाला, “फार आभारी आहे, पण मी बैल बघायला आलोय.” खरे पाद्री मागच्या दाराने उतरून, पुस्तकांची पेटी खांद्यावर घेऊन, एकटेच चर्चकडे चालत गेले होते.

तरुण माणूस. उंच इतका, की गावाने संध्याकाळच्या आत त्याचं नाव ‘शिडी’ ठेवलं. चेहरा मात्र आंबट. आत्या डब्यासमोर झाडू घेऊन पहाऱ्यावर उभी.

“नमस्कार साहेब. पाणी देऊ?”

“नको. व्यासपीठ इथेच का?” ते पायरीवर पाय ठेवणार, तोच आत्या म्हणाली, “साहेब, जरा बाहेर या.”

“बाहेर? कशाला?”

“या तर.”

ते बाहेर आले. आत्या तीन पायऱ्या उतरली आणि मान वर करून म्हणाली, “डब्याची पायरी किडलीय. चढू नका. खालूनच बोला.”

“हे आत सांगता आलं नसतं?”

“आत हवा कोंदट आहे.”

पाद्री आत गेले, आत्याही पाय पुसून मागोमाग गेली. त्यांनी वळून पुन्हा विचारलं, “पायरी किडलीय म्हणता?”

आत्याने छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. म्हणाली, “घंटेची वेळ झाली,” आणि पळाली. घंटेची वेळ व्हायला दोन तास होते. ती तरी कुठे खोटं बोलली? घंटा वाजवूनच टाकली तिने. गावातली जनावरं तेवढी लवकर घरी परतली.

संध्याकाळी शिंपीण पाद्र्यांचा झगा लांब करायला गेली. थोरल्यांचा झगा शिडीला गुडघ्यापर्यंतच पोचत होता.

“बाई, इथे उपदेश कसा चालायचा?” त्यांनी विचारलं.

“गाऊन, साहेब. काय गळा होता थोरल्यांचा! तुम्ही गाता?”

“नाही,” ते तुटक म्हणाले. “उपदेश म्हणजे नाटक नव्हे. मी लिहून आणतो, वाचतो. चाळीस पानं आहेत.”

शिंपिणीच्या हातातली सुई थांबली. “चाळीस! एका रविवारची?”

“आणि ती किल्लीवाली बाई. ती बोलताना पायऱ्या का उतरते?”

शिंपिणीला पोटात गोष्ट ठेवायची सवय नव्हती. सांगून टाकलं. पाद्री हसले नाहीत. “हं,” एवढंच म्हणाले.

रविवारी चर्च खचाखच भरलं. आत्या पहाटेच येऊन ठिपकीला दाणा-पाणी देऊन गेली होती. दोन अंड्यांना तडा गेलेला तिने पाहिला होता. आता ती मागच्या खांबाला टेकून किल्ली मुठीत धरून उभी होती. देवा, तिने मनात म्हटलं, फक्त दोन तास. तू सहा दिवसांत जग केलंस, मला दोन तास दे.

पाद्री सरळ डब्याच्या पाच पायऱ्या चढले. एकही कुरकुरली नाही. आत्याने डोळे मिटले.

“आजचा विषय,” त्यांनी पानं मांडली, “शिस्त.”

तिसऱ्या पानावर म्हातारे झोपले. पाचव्यावर तरुणही. सातव्या पानावर पाद्र्यांनी ‘आज्ञाभंग’ हा शब्द जोरात उच्चारून पाय आपटला आणि पडद्याखालून आवाज आला, “खुर्रर्र.”

झोपलेला एक म्हातारा दचकून ओरडला, “आमेन!”

पाद्री थांबले, पुन्हा सुरू झाले. आठव्या पानाच्या मध्यावर ते “आई गं!” करून हातभर उडाले. चाळीस पानं पाखरांसारखी सुटली आणि बाकाबाकांवर जाऊन बसली. डब्यात पडदा फडफडला, पंख फडफडले, आणि त्या सगळ्या गोंधळाखालून बारीक आवाज आला, “चिव. चिव चिव.”

“कोंबडी!” गिरणीवाला उठला. “देवाच्या डब्यात कोंबडी! थांबा साहेब, आत्ता मुंडी धरतो तिची!”

तो पायऱ्या चढायला लागला. ठिपकी पिसं फुलवून अंड्यांवरून उठली होती, मान ताठ, कठड्यावर उडी घ्यायच्या बेतात. एकदा उडाली की परत बसणार नव्हती. निम्मी पिलं कवचात, निम्मी ओली.

आत्याने काही ठरवलं नाही. रोज झाडताना निघतो तसा आवाज तिच्या गळ्यातून निघाला. थोरल्यांचा सगळ्यात लाडका उपदेश होता तो.

“आभाळ दाटलं, घार फिरे वर,
ये माझ्या पंखाखाली, ये लवकर...”

दोन वर्षांत गावाने तो ऐकला नव्हता. पण तोंडात होता. कोपऱ्यातून एका म्हातारीने उत्तर उचललं, मग बाकांनी, मग भिंतींनीही म्हणा ना:

“आलो गं आई, आलो, जरा धीर धर!”

ठिपकीची पिसं हळूहळू खाली बसली. एकवीस दिवस तिने दोन्ही वेळा हाच सूर ऐकला होता. तिने पाय दुमडले, पिलांना पोटाखाली ओढलं आणि बसली. गिरणीवाला चौथ्या पायरीवर एक हात पुढे करून तसाच राहिला, आणि त्याच्या नकळत त्याचेही ओठ हलत होते.

पाद्री डब्याच्या कोपऱ्यात अंग चोरून खाली बघत होते. मग पानांशिवायच बोलले, हळू आवाजात.

“कोंबडी जशी आपल्या पिलांना पंखांखाली गोळा करते, तसं तुम्हाला गोळा करावं असं मला किती वेळा वाटलं. हे प्रभूचे शब्द आहेत. मी ते शंभरदा वाचलेत.” ते थांबले. “कोंबडी मात्र आज पहिल्यांदा पाहिली.”

बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

“आणि खरं सांगतो, मला गाता येत नाही. शिकायला होतो तिथल्या गायकांनी मला काढून टाकलं होतं. मी गायलो तर ही उठून जाईल.” त्यांनी खांबाकडे पाहिलं. “बाई, मी बोलतो. तुम्ही गाणार का?”

आत्या पुढे आली. त्यांनी एक वाक्य बोलावं, तिने ते सुरात धरावं, गावाने झेलावं. असा तासभर उपदेश चालला आणि एकही म्हातारा झोपला नाही. मध्येमध्ये आणखी पिलं बाहेर येत होती. तेरापैकी बारा फुटली. पुढे गावाने त्यांना प्रभूच्या बारा शिष्यांची नावं दिली. दुसऱ्याचा दाणा पळवायचा त्याचं नाव काय ठेवलं, हे तुम्हीच ओळखा. एक अंडं नासकं निघालं. त्याचंही नाव ठेवलं होतं, पण गिरणीवाल्याची नातवंडं इथे बसलीयत, म्हणून सांगत नाही.

उपासना संपली. गिरणीवाला सूर विसरून पुन्हा मुख्य झाला. दारातच त्याने हात पुढे केला. “आत्या, किल्ली.”

आत्याने दोरीची गाठ सोडायला घेतली. तीस वर्षांची गाठ ती, सहज थोडीच सुटते.

“पाद्रीसाहेब, तुम्हीच सांगा,” गिरणीवाला गरजला. “ही कोंबडी डब्यात आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

सगळं गाव दारात गोळा झालं. पाद्र्यांनी गिरणीवाल्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग नव्याने लांब केलेला झगा दोन्ही हातांनी वर उचलला आणि एक पायरी उतरले. दुसरी उतरले. शिंपिणीने तोंडावर पदर घेतला. तिसरी उतरून ते खाली मातीत उभे राहिले.

“हो,” ते म्हणाले. “मीच सांगितलं होतं बसवायला.”

“तुम्ही? तुम्ही काल आलात! कोंबडी एकवीस दिवस बसते!”

पाद्र्यांनी क्षणभर विचार केला. “पत्राने कळवलं होतं.”

मग शांतपणे पाय पुसले, तिन्ही पायऱ्या चढले आणि आत गेले.

गाव पोट धरधरून हसलं. गिरणीवाला कुणाशी भांडणार? पाद्र्याला खोटारडा म्हणायचं, तर त्यांच्या होकाराशिवाय मेहुणीला किल्ली कोण देणार? तो भुवया झटकत निघून गेला. आत्याने अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा आवळली, आधीपेक्षा एक फास जास्त देऊन.

आता आत्या मागच्या आवारात आहे, थोरल्यांच्या शेजारी. शिडी पाद्री म्हातारे झालेत, अजून बोलूनच उपदेश करतात आणि सुरात धरायला दर रविवारी कुणीतरी नवं शोधतात. तेव्हा घरी गेलात, निजायच्या आधी देवाचं नाव घेतलंत, की आमच्या आत्याची एवढी आठवण काढा. आणि तिच्याबद्दल कुणाला काही वाढवून सांगायचं झालं, तर कृपा करून आधी पायऱ्या उतरा.