वर्षाराणीच्या दप्तरातली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. वीतभर लांब, तोंडाला नाडी. माझ्या पोटात काय आहे हे मात्र एकदम विचारू नका. विचारणाऱ्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. स्वभावच तसा झाला आहे, आणि तो का झाला हे ऐकलेत तर तुम्ही मला नावे ठेवणार नाही.

माझा जन्म कसबा बावड्यातला. आक्का शिवणकाम करायची. तिची धाकटी चुलत बहीण वर्षाराणी तेव्हा नववीत होती. पाळी सुरू होऊन तिला वर्षच झाले होते आणि तिचा काही नेम नव्हता. आक्काने ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून मला शिवले, आत धुतलेल्या सुती घड्या आणि पिना ठेवल्या.

"तुझी पाळी लहरी हाय," आक्का म्हणाली. "आली की कॅलेंडरावर टिंब देत जा. आन् ही पिशवी दप्तरातनं काढूच नगंस."

वर्षाराणीने तसेच केले. टिंबे कधी जवळजवळ पडत, कधी महिनेच्या महिने कोरे जात. मी मात्र रोज भूगोलाच्या पुस्तकामागे तयार असायची. शेजारच्या बाकावरची मुलगी वाकली तरी मला वाटे, ही आता माझी नाडी ओढणार!

पण खरा घात घराजवळच होता. आमच्या गल्लीत पाळी आली की 'कावळा शिवला' म्हणत आणि बाईने चार दिवस कोपऱ्यात बाजूला बसायचे. त्यामुळे कोणाची पाळी कधी आली हे साऱ्या गल्लीला ठाऊक. शेजारची बाळाबाई तर दारात तांदूळ निवडता निवडता प्रत्येकीवर नजर ठेवायची.

"तानाबाई," एके दिवशी ती वर्षाराणीच्या आईला म्हणाली, "तुझी पोर दिवाळीपासनं बाजूला बसल्याली बघितली न्हाय की मी. ध्यान हाय न्हवं?"

झाले! संशयाला औषध नाही. त्याच संध्याकाळी तानाबाईने लेकीला दारातच अडवले.

"शाळंतनं यायला उशीर का हुतोय? कोण हाय त्यो?"

"आई, कोण न्हाय गं. माझी पाळीच तशी हाय."

"मला शिकवू नगं. कावळा शिवंपतूर शाळा बंद. आन् न्हाईच शिवला, तर तुझ्या बाला सांगून स्थळ बघती."

माझी वर्षाराणी दप्तर पोटाशी धरून रडली. मला इतका राग आला! जिने रोज माझी घडी नीट केली, तिच्याच शब्दाला घरात किंमत नव्हती.

दोन दिवस तिने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून कोपऱ्यात जाऊन बसली. "शिवला," म्हणाली. माझ्यातल्या कोऱ्या घड्या तिने उगाच भिजवून वाळत घातल्या. बाळाबाईने त्या पाहिल्या. तानाबाईचा जीव भांड्यात पडला. चार दिवसांनी आम्ही शाळेत गेलो, पण चोराच्या मनात चांदणे, तिला जो तो आपल्याकडेच बघतोय असे वाटत होते.

आणि पुढच्याच शनिवारी, गणिताच्या तासाला, खरी पाळी आली. मी तयार होते, निभावले. पण घरी सांगायचे कसे? दुसऱ्या दिवशी तानाबाईचा जोतिबाचा खेटा. अनवाणी डोंगर चढायचा, वर नैवेद्य न्यायचा. पहाटे तिने हाक मारली, "वर्षे, पुरण वाट, पोळ्या लाट." पोरगी काय म्हणणार? तिने पुरण वाटले. पोळ्या लाटल्या. नैवेद्य वर गेला, प्रसाद होऊन खाली आला, सगळ्यांनी खाल्ला. बाळाबाईने तर मागून घेतला.

संध्याकाळी, मनातला संशय पुरता गेला नव्हता म्हणून की काय, तानाबाईने दप्तर उचलले आणि माझी नाडी सोडली. आत काय सापडेल असे तिला वाटले होते कोण जाणे. सापडली डाग पडलेली घडी.

"ही कवाची?"

"कालची."

"म्हंजे मागल्या आठवड्यातलं?"

"खोटं हुतं. शाळा पायजे हुती, आई."

"आन् पोळ्या?"

"मीच केल्या की. तू सांगितलंस."

तानाबाई खाली बसली. तिने पायाचे फोड चाचपले; खेटा सुखरूप झाला होता, प्रसाद सगळ्यांनी खाल्ला होता, आणि कुणाचे काही बिघडले नव्हते. मग उठून तिने लेकीला जवळ ओढले. पोटाशी धरून म्हणाली, "माझंच चुकलं गं. उद्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊया. त्या कावळ्याचं काय खरं न्हाय."

पुढे वर्षाराणी शिकली, शाळेत बाई झाली. माझे कापड विरले, नाडी दोनदा बदलली. आता मी तिच्या कपाटात असते. मित्रांनो, आम्हा कापडी घड्यांना स्वच्छ धुवा, कडक उन्हात वाळवा, एवढे आमचे मागणे. आणि घरातल्या मुलीची पाळी लांबली, तर आधी तिचे ऐका, तिला डॉक्टरकडे न्या. संशय घ्यायला गल्ली आहेच.