आखूड टकळीशंखाचा शेंडा

आतला जीव मोरीत ओतलात, रिकामा शंख साफ करायला आंबटात बुडवून कपाटात मांडलात आणि वर म्हणता, आम्ही वर्गीकरण केलं! साहेब, ओस घराच्या भिंती बघून आत कोण नांदलं ते ठरवता होय?

अंधेरीच्या कुंदाला हा राग आला तो तिच्या वहिनीमुळे. वसुधावहिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. रविवारी वर्सोव्याला जाऊन कोळणींनी जाळ्यातून झटकलेले शंख वेचायची. सूत कातायच्या टकळीसारखे लांब, निमुळते. सगळे एकाच प्रजातीतले. त्यांच्यासोबत कधीतरी मिळणारा हा एक आखूड, पोट सुटलेला प्रकार. संग्रहालयाच्या साहेबांनी त्याला कधीच प्रजातीबाहेर काढलं होतं. का, तर त्यांच्या कपाटातल्या नमुन्याच्या शेंड्यावर लांब शंखांसारखे कंगोरे नाहीत!

वहिनीला तसले दोन सापडले. एकाचा शेंडा लाटांनी मोडलेला, पण जीव जिवंत. तो लोणच्याच्या बरणीत, समुद्राच्या पाण्यात. दुसरा मेलेला, पण अखंड, शेंड्यावर स्पष्ट कंगोरे. आतल्या जिवाच्या जिभेवर असतात ते बारीक दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिने शंख वाळत ठेवला. सोमवारी तो साहेबांना दाखवायचा होता.

"वहिनी, बघ कसा झकास निघाला!" कुंदाने चिंच-राख लावून समईसारखा घासलेला शंख पुढे केला.

वसुधाने शेंड्यावरून नख फिरवलं. गुळगुळीत.

"चुन्याचा असतो गं शंख. चिंचेने खाल्ला."

कुंदा रडायलाच लागली. वसुधा मात्र शंख उजेडात धरून बघतच राहिली, मग हसली. "अगं वेडे, साहेबांच्या कपाटातला अस्साच आहे! त्यांच्याकडेही एखादी कुंदा आहे."

काय बाई ही! एवढं नुकसान झालं, आणि हिला त्यातून वाट दिसली.

सोमवारी दोघी बरणी घेऊन गेल्या. साहेबांच्या टेबलावर बरणीतल्या शंखाच्या तोंडावरचं दार हळूच सरकलं आणि कोकमासारखा लालभडक जीव बाहेर आला.

वसुधाचा आवाज चढला नाही. "लांब शंखांचे जीव असेच लाल, साहेब. दातही असेच फणीसारखे. मी ते जिवंत पाहिलेत. तुम्ही?"

"बाई, शास्त्र शंखावर चालतं. शेंडा कुठाय?"

चिंचेची गोष्ट सांगून नणंदेचं नाव घ्यायला वहिनी तयार नव्हती! तेव्हा साहेबांपुढे कधी तोंड न उघडलेली कुंदा पुढे झाली. घासलेला शंख तिने त्यांच्या कागदांवर ठेवला.

"हा शेंडा माझ्या हाताने गेला. मी चिंच लावली. तुमच्या कपाटातल्याचा कशाने गेला? सांगा ना, साहेब!"