नामपल्लीपासून चालत

शिवकांतानं तांब्यातलं पाणी वेलाच्या आळ्यात एकदम ओतलं नाही. बोटांच्या फटीतून धार बारीक करत ती सोडत राहिली, आणि तेवढ्यात काट्यांच्या कुपाटीपलीकडून कुणीतरी खाकरलं. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव होते. कुणाच्या दारात वाईट बोलायला जायचं असलं की आधी दोनदा खाकरायची त्यांची रीत होती.

"वहिनी, ठराव झालाय. सोसायटीच्या हिरीचं पानी पिन्यापुरतंच. मानशी दोन घागरी."

"ठाव हाय."

"मग हे?"

"माज्या वाटचं हाय. प्यावं का वतावं, माजं मी बघंन."

सुंदररावांनी वेलाकडं हात केला, पण बोट सरळ केलं नाही. मूठ मिटूनच दाखवलं. वेलावरच्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो सडतो, हे या भागात चेअरमनलाही पाठ असतं. ती मिटलेली मूठ पाहिली आणि हा माणूस वेल उपटायला आलेला नाही, हे शिवकांताच्या लक्षात आलं.

"लोकं बोलतेत," ते म्हणाले. "गावात हिरवं पान न्हाई, आन् हिचाच वेल कावून हिरवा?"

"म्हनावं, म्हातारी आंघूळ करत न्हाई. वास आला तर लांबून जा."

सुंदरराव हसले. हसू आवरून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि चढावरून निघून गेले. बहात्तरचा पाऊस गेला होता तो गेलाच होता. ओढ्याची वाळूसुद्धा तापून पांढरी पडली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चेअरमन झाले म्हणून सुंदरराव काही वेगळ्या आडाचं पाणी पीत नव्हते.

भोपळा खायचा नव्हता. कडू जातीचा, घागरीपेक्षा मोठा, तंबोऱ्याचा भोपळा. शिवकांताचा नवरा मन्मथप्पा ओढ्याकाठच्या तुकड्यात वीस-बावीस वर्षं हेच पीक घेत आला. सगळं गाव कापूस लावायचं आणि मन्मथप्पा भोपळे. जन्मभर राबून शेवटी हाती भोपळाच, असं लोक तोंडावर म्हणायचे आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. उन्हाळ्यात वाळलेले भोपळे गाडीत गवतावर मांडून तो परळीला जायचा, तिथून हैदराबादची रेल्वे धरतो म्हणायचा आणि तिसऱ्या दिवशी परत यायचा.

परत आला की पुढचे दोन महिने घरात हैदराबादच नांदायचं. नामपल्लीच्या स्टेशनातून बाहेर पडायचं. दगडी मोजमजाही मार्केट लागतं, त्याच्या घड्याळाखालून सरळ निघायचं. अफजलगंज, मग मुसी नदीवरचा पूल. पूल ओलांडला की पत्थरगट्टीच्या कमानी. तिथं एका माडीवर म्हातारा सारंगीवाला सकाळपासून रियाज करत बसतो. त्याच्या खालून डावीकडची गल्ली धरली की गफूरमियाँचं तंबोऱ्याचं दुकान. शहरातल्या गाणाऱ्या बायका, दर्ग्यातले कव्वाल, रेडिओवरची मंडळी, सगळे त्याच ओट्यावर येऊन बसतात. मन्मथप्पा हे असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, उठावं आणि निघावं.

"आन् आवाज कसा अस्तो वो तंबोऱ्याचा?" ती विचारायची.

"चार तारा अस्तेत," एवढंच म्हणून तो चिलीम शोधायला लागायचा.

तिला राग यायचा. गडीमाणूस दरसाल जातो, कान निववून येतो, आणि बायकोला चार तारांवर भागवतो. मला कधी नेलं? हा राग तिनं बावीस वर्षं नीट सांभाळला होता, एखादी बाई लग्नातलं लुगडं सांभाळते तसा. गेल्या श्रावणात मन्मथप्पा दोन दिवसांच्या तापात गेला. तेव्हा तिला रडू आलं आणि त्या रडण्यातही तो राग होताच.

त्याच्या बियाण्यातला हा एकच वेल जगला, त्याला धरला तो हा एकच भोपळा. तो घेऊन आपण स्वतः जायचं आणि त्या ओट्यावर बसून एकदा तंबोरा ऐकायचा, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

फाल्गुन सरता सरता सालीत नख रुतेना झालं. तिनं देठ कापला, भोपळा आढ्याला टांगला आणि रोज सकाळी हलवून पाहिला. आतलं बी खुळखुळायला वैशाख उजाडला. बैल सोसायटीच्या छावणीत होते, सासू कधीच गेली होती, रानात बघायला काही नव्हतं. दुष्काळानं साऱ्या गावाला जखडून टाकलं होतं, तिला मात्र मोकळं केलं.

"पार्सलनं धाडू की," सुंदरराव म्हणाले. "कशाला ह्या वयात धडपड?"

"पार्सलला कान अस्तेत का, भाऊजी?"

शेवटी त्यांनीच तिला परळीला नेऊन हैदराबादच्या रेल्वेत बसवून दिलं.

नवऱ्याच्या धोतरात गुंडाळलेला भोपळा मांडीवर घेऊन ती सकाळी नामपल्लीला उतरली. कुणाला काही विचारलं नाही. मार्केट होतं. घड्याळ होतं. अफजलगंज होतं, पूल होता. मुसीला मात्र पाणी नव्हतं, ते बघून तिला जरा घरच्यासारखं वाटलं. पत्थरगट्टीच्या कमानींखाली ती थांबली. वरच्या माडीतून खरंच सारंगीचा आवाज येत होता. किती बारीक बघून ठेवलं होतं माणसानं! आणि मला न्हाई आनलं, असं पुटपुटत ती डावीकडं वळली.

दुकानात पांढऱ्या दाढीचा एक माणूस लाकूड तासत बसला होता. तिनं धोतराची गाठ सोडली. त्यानं भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली.

"हा तर परळीवाल्या मन्मथप्पाचा माल!"

"मी त्यांची मंडळी."

गफूरमियाँ कपडे झटकत उठून उभे राहिले. तिनं गेल्या श्रावणातलं सांगितलं. त्यांनी भोपळ्यावर हात ठेवला.

"बैठो, भाबी," ते म्हणाले. भिंतीवरचा एक तंबोरा त्यांनी उतरवला. "हा पण त्याच्याच भोपळ्याचा."

तारा छेडल्या. शिवकांता सावरून बसली. आता गाणं सुरू होईल म्हणून वाट बघत राहिली. गाणं सुरू होईना. तेच चार सूर फिरून फिरून येत होते. आणि मग केव्हातरी तिला वाट बघायचीही आठवण राहिली नाही. भरल्या विहिरीच्या काठावर उभं राहावं आणि आतून गार हवा अंगावर यावी तसं तिला झालं. डोळे पुसून तिनं विचारलं,

"ते हितंच बसायचे का?"

"कोण? मन्मथप्पा?" गफूरमियाँचा हात थांबला. "तो तर इथं कधीच आला नाही, भाबी."

"आन् मग भोपळे?"

"दरसाल मीच परळीला यायचो. स्टेशनवर माल घ्यायचो. दोन दिवस वैजनाथाच्या धर्मशाळेत दोघं एकत्र राहायचो. मी म्हणायचो, चल, एकदा दुकान तर बघ. तर म्हणायचा, मालकीण आल्याबिगर न्हाई. जायचं तर दोघांनी. रस्ता मात्र विचारायचा. कुठं वळायचं, वर कोण वाजवतं. तिला आणलं की कुणाला विचारायची पाळी यायला नको, म्हणायचा."

शिवकांताला पहिलं वर्ष आठवलं. ती भाकरी थापत होती. तो उंबऱ्यात बसला होता आणि म्हणाला होता, चलतीस का हैदराबादला? तिनं मान वर न करता विचारलं होतं, आन् बैलास्नी पानी कोन पाजंल? त्यानंतर त्यानं विचारलं नाही. तिनं त्याचं न नेणं तेवढं ध्यानात ठेवलं, आपलं उत्तर विसरून गेली. तिनं पदर तोंडाशी धरला आणि ती त्या अनोळखी दुकानात लहान पोरीसारखी रडली.

गफूरमियाँनी पाणी आणून ठेवलं.

"आज गुरुवार, जुम्मेरात आहे," तिचं रडणं ओसरल्यावर ते म्हणाले. "दर्ग्यात कव्वाली होईल. घरात माझी बीबी आहे, तिच्याजवळ राहा. उद्याची गाडी धरा."

शिवकांताच्या ओठांवर उत्तर आलंच होतं, बैलांचं. तिनं ते गिळलं.

"ऱ्हाते," ती म्हणाली.