बँकेपुढची उसनी गर्दी

सगुणाची चहाची टपरी बँकेला चिकटूनच होती, त्यामुळे बँकेचं सुखदुःख साहेबांच्या आधी तिला कळे. डोलवीला कंपनीत जाणारी पोरं मोबाइलवरच सगळे व्यवहार उरकू लागली आणि शाखेत माश्या मारायची वेळ आली. तेव्हाच तिने ओळखलं, हे बिऱ्हाड आता इथून हलणार.

रोह्याकडे तिच्या बहिणीच्या गावात हेच झालं होतं. बँक धाटावला गेली. मागोमाग किराणावाला गेला, न्हावी गेला आणि दाढी करायलासुद्धा माणसं एसटीत बसू लागली. पैसा जिथे बसतो तिथे गाव जाऊन बसतं, हे सगुणाला कुणा पंडिताने सांगायला नको होतं. टपरी बुडाली असती तर तिला पुन्हा मिठागरात उतरावं लागलं असतं. खाऱ्या पाण्याने सोललेले पाय ती विसरली नव्हती आणि त्या कामाची तिला खरोखर धास्ती होती.

बुधवारी मुंबईहून नम्रता मॅडम येणार आणि शाखा ठेवायची की नाही ते ठरवणार, ही बातमी शिपायाने एका कटिंगवर फोडली. सगुणाने चार गावांत निरोप धाडला. "बुधवारी समद्यांनी बँकेत या. काम नसलं तरी या. चहा माझा."

फुकटचा चहा म्हटल्यावर खाडीकाठची सारी गावं लोटली. हैबतराव आठ वर्षं न उघडलेलं पासबुक झटकत आले. हौसा काम उरकून बाहेर पडे आणि लुगडं बदलून पुन्हा रांगेत शिरे. सगुणाच्या दिराने, जगनने, पेणच्या गणपतींच्या कारखान्यातली माणसं रंगल्या हातांनीच उचलून आणली.

दुपारी मॅडम टपरीवर आल्या. सगुणाने भीत भीत विचारलं, "शाखा राहील ना, मॅडम?"

"राहील म्हणजे? एवढी गिऱ्हाइकं मी कुठे पाहिली नाहीत. पण त्यांना ही जागा पुरायची नाही. वडखळला हायवेवर मोठा हॉल आहे, दिवाळीपर्यंत तिकडे नेऊ."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. सगुणाला रडूच कोसळणार होतं, पण मॅडमचा कप रिकामा होता. तो भरता भरता ती म्हणाली, "हॉलाच्या भायेर टपरीला जागा हाय काय?"

"टपरी नाही चालणार. गाळा घ्यावा लागेल."

"मंग गाळ्यासाठी कर्ज द्या."

"देऊ की. धंदा मात्र दिसला पाहिजे." मॅडमनी रांगेकडे बोट दाखवलं. "इथे रोज एवढी गर्दी असते?"

सगुणाने रांगेकडे पाहिलं. तिच्या एका शब्दाखातर माणसं उन्हात तिष्ठत उभी होती. खरं बोलावं तर बँक कायमची बंद होणार आणि गाळाही जाणार. खोटं बोलावं तर बँकेमागोमाग गाव सोडणाऱ्या त्या किराणावाल्याच्या पंगतीला आपण जाऊन बसणार. तिला मनापासून लाज वाटली.

"व्हय," ती म्हणाली. "रोजच असते."